डाकोटा, मामा आणि थ्री फेज

विमानाला दोन इंजिनं आहेत म्हटलं की ऐकणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. "म्हणजे एक बंद पडलं तरी दुसरं आहेच की!" प्रवासी विमानाच्या बाबतीत ते बरोबर आहे, कारण पुढे बसलेल्या वैमानिकांनी त्या एकाच प्रसंगाची पुन्हा पुन्हा तालीम केलेली असते. रिमोटवर उडणाऱ्या मॉडेलचं तसं नाही. तिथे एक मोटर बंद पडली की दुसरी, ठणठणीत असलेली, आपल्या बाजूचा पंख इमानेइतबारे पुढे रेटत राहते. विमान बंद बाजूला वळतं, कलंडतं आणि नाकावर येतं. "अरे अरे" यातला दुसरा "अरे" बहुधा जमिनीवरच्या तुकड्यांना उद्देशून असतो. घात करते ती चालू मोटर.

हे सगळं ठाऊक असून माणसं दोन मोटरींची मॉडेलं करतात. मी डाकोटा करायला घेतलं. डाकोटा, म्हणजे डग्लस डीसी-३, पहिल्यांदा उडालं १७ डिसेंबर १९३५ रोजी. २७ ऑक्टोबर १९४७ ला शीख रेजिमेंटचे जवान श्रीनगरला उतरले ते डाकोटांमधूनच. खऱ्याचा पंखविस्तार २९ मीटर, माझ्या विमानाचा त्याच्या विसावा हिस्सा. म्हणजे जेवणाचं टेबल पूर्ण व्यापून वर मुलाची अभ्यासाची जागा खाईल इतका.

आमच्या घराण्यात विजेबाबत शेवटचा शब्द मामांचा. मामा वीज मंडळात वायरमन म्हणून लागले आणि खांब, डीपी, फीडर करत करत निवृत्त झाले. टेबलावरचा पसारा बघून ते आधी हसले. "या वयात खेळणी?" मग त्यांचं लक्ष मोटरीतून बाहेर आलेल्या वायरींकडे गेलं. त्यांनी त्या बोटांनी मोजल्या. चष्मा लावून पुन्हा मोजल्या.

"अरे, ही तर थ्री फेज आहे!"

आहेच. बॅटरीतून येतो तो डीसी. मधे स्पीड कंट्रोलर नावाचा काडेपेटीएवढा तुकडा बसतो आणि तीन वायरींना आळीपाळीने करंट सोडून मोटर फिरवतो. मोटरीवर १००० केव्ही लिहिलेलं वाचून मामा खुर्चीसकट मागे सरकले होते. ते किलोव्होल्ट नव्हेत, एका व्होल्टला मिनिटाचे हजार फेरे, हे पटवायला चहा करावा लागला. "आणि अर्थिंग?" त्यांनी विचारलं. उडणाऱ्या वस्तूला अर्थिंग देता येत नाही, हे त्यांनी ऐकून घेतलं. मान्य केलं असं म्हणवत नाही.

पण पुढचं त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. "दोन वायरींची अदलाबदल केली की उलटी फिरणार." शेतावरच्या पंपाला हेच करतात. लाइन दुरुस्त करताना फेज इकडच्या तिकडे झाले की गावभरच्या मोटरी उलट्या फिरतात, पाणी चढत नाही आणि वायरमनचा उद्धार होतो. आम्हाला उलटी मोटर मुद्दाम हवी होती. खऱ्या डाकोटाचे दोन्ही पंखे एकाच दिशेला फिरतात, पण मॉडेलला परस्परविरुद्ध फिरवले तर एकाचा पीळ दुसरा खाऊन टाकतो आणि विमान सरळ धावतं. फक्त एका बाजूला उलट्या पिळाचा पंखा आणावा लागतो. अस्सलपणाचा आग्रह असलेल्यांनी विमान उडत असताना जवळ जाऊन तपासावं.

खरी गंमत तांबड्या वायरीची. प्रत्येक स्पीड कंट्रोलर तिच्यातून रिसिव्हरला, म्हणजे रिमोटचा इशारा झेलणाऱ्या डबीला, पाच व्होल्टचा पुरवठाही करतो. कंट्रोलर दोन, रिसिव्हर एक. म्हणून एका कंट्रोलरच्या प्लगमधली तांबडी पिन टाचणीने अलगद उचकटून काढायची आणि तिच्यावर टेप गुंडाळायची. मामांनी हे काम माझ्या हातून काढून घेतलं. "एका घराला दोन डीपीवरनं सप्लाय? दोन्ही एकमेकांशी भांडतील आणि जळेल ते घर." हस्तपुस्तिकेत याच मुद्द्यावर पानभर मजकूर होता आणि तो यापेक्षा कमी कळला होता.

मतभेद झाला तो वायरींच्या लांबीवरून. मोटर पंखावर, बॅटरी पोटात. मधलं अंतर कुठे काढायचं? बॅटरीकडच्या वायरी लांबवल्या तर व्होल्टेजचे झटके बसून कंट्रोलरचे कपॅसिटर मरतात, म्हणून लांबवायच्या त्या मोटरीकडच्या. "लाइन लांबली की व्होल्टेज पडतं, झटके कसले?" मामा तीस वर्षांच्या नोकरीच्या वजनाने म्हणाले. शेवटी वायरी माझ्या मताने लांबल्या आणि पंखातून ओवल्या गेल्या त्यांच्या पद्धतीने: दोऱ्याला नट बांधून आत सोडला आणि फ्रिजवरची महाबळेश्वरची चुंबकाची स्ट्रॉबेरी पंखाच्या पृष्ठभागावरून फिरवत तो नट फासळी-फासळीच्या भोकातून टोकापर्यंत चालवत नेला. पन्नास पैशांचा दोरा. मी यासाठी एक कॅमेरा मागवायच्या बेतात होतो.

बॅटरी जोडताच पिवळ्या प्लगमध्ये चट्‌कन ठिणगी उडाली आणि मामांचा चेहरा उजळला. दोन्ही मोटरींनी एका सुरात तीनदा पीप केलं. तीन सेलची बॅटरी आहे, असं त्या कळवत होत्या. पण थ्रॉटल दिल्यावर डावी फिरली आणि उजवी नुसती थरथरत गुरगुरायला लागली. मामांनी कान लावायचीही तसदी घेतली नाही. "सिंगल फेजिंग. एक फेज आलेली नाही." कारखान्यातून जोडून आलेला सोन्याच्या मुलाम्याचा कनेक्टर आतून सुटलेला निघाला.

यावरून मी त्यांना हवेतला नियम सांगितला: एक मोटर गेली की दुसरीही आपण होऊन बंद करायची आणि तरंगत उतरायचं. "म्हणजे प्रिव्हेंटर," मामा म्हणाले. पंपाच्या पेटीत असतो तो. एक फेज गेली की उरलेल्याही तोडतो, म्हणून मोटर वाचते. "तुझ्यात कुठे बसवलाय?" मी थ्रॉटलवरचा डावा अंगठा दाखवला. त्यांनी तो नीट न्याहाळला. "टेस्टिंग झालंय?"

त्यानंतर मामांनी परमिट पद्धत लागू केली. लाइनवर चढणारा माणूस आधी सप्लाय बंद झाल्याचं परमिट घेतो, तसं इथे पंख्याला हात लावायचा असेल तर बॅटरी काढून मामांच्या खिशात जमा करायची. नऊ इंची पंखा बोटं कशी कापतो हे ठाऊक असलेल्या कुणीही या नियमाला हसू नये. हिशेबासाठी त्यांनी वहीसुद्धा घातली. वेळ, सही, शेरा.

सासवडच्या बाजूला ज्वारी काढलेल्या रानात डाकोटा उडालं. सुंदर उडालं, असं मी म्हणणार. साक्षीला कुणी नाही. कारण चाकं जमीन सोडत असतानाच रानाचे मालक बांधावरून येऊन मामांना म्हणाले, "साहेब, तुम्ही बोर्डातले ना? कालपास्नं आमची मोटर उलटी फिरतीय." जमलेली पोरंसोरं, माझा मुलगा आणि मामा असे सगळेच विहिरीकडे चालते झाले. बॅटरी साडेचार मिनिटांची. मी एकट्याने ती वापरली आणि एकट्याने विमान उतरवलं. दुसरं उड्डाण संध्याकाळवर गेलं, कारण भरलेली बॅटरी मामांच्या खिशात होती आणि मामा विहिरीवर, दुसऱ्याच पेटीत डोकं घालून.