पडेल सिनेमाचे वकील

प्रत्येक गावात पडलेल्या उमेदवाराचा एक खंदा माणूस असतो. गुलाल धुऊन निघाला, जिंकलेला मुंबईला पोहोचला, तरी हा पानठेल्यावर उभा राहून 'दोन बूथनं घात केला' सांगत असतो. आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या सेलूचे भाऊ याच वळणाचे. फक्त त्यांचा उमेदवार सिनेमा आहे. 'शोले'चा विषय निघाला की ते आपल्या कृषी केंद्रातली खताची पोती मोजायला घेतात. 'जोकर' म्हणा, लगेच चहा सांगतात.

हा 'जोकर' 31 ऑगस्ट 2012चा, अक्षय कुमार आणि सोनाक्षी सिन्हाचा. पगलापूर नावाचं गाव भारताच्या नकाशातच नाही. सरकारनं लक्ष द्यावं म्हणून खोटे परग्रहवासी उभे केले जातात आणि कॅमेरे धावत येतात. शिरीष कुंदर यांनी सिनेमा लिहिला, दिग्दर्शित केला, संकलितही केला. प्रेक्षकांनी काहीच केलं नाही. ते आलेच नाहीत.

भाऊंना मात्र हा तालुक्याचा विकास आराखडा वाटतो. "पगलापूर नकाशात नाही म्हणून रडते. आपलं सेलू नकाशात आहे, तरी लोकाईले परभणीवालंच सापडते. कोणतं वाईट, सांगा?" यावर आजवर कुणाला बोलता आलेलं नाही. श्रेयस तळपदेनं त्यात कुणालाच न कळणारी भाषा बोलणारा बब्बन केला आहे. "त्याले आपली वऱ्हाडी देली असती तर सिनेमा उचलला असता," हेही भाऊंचंच.

सिनेमा पडला तो वाघामुळे, असं त्यांचं ठाम मत. त्याच महिन्याच्या 15 तारखेला 'एक था टायगर' लागला आणि धो धो चालला. पुढे 2014 मध्ये सेलूजवळच्या बोर अभयारण्याचा व्याघ्र प्रकल्प झाला. भाऊंच्या लेखी दोन्ही मिळून एकच कट. "नागपूरची गाडी येते, काचा वर, सरळ बोरले. सेलूत चहाबी पीत नाही. लोकाईले वाघच पाहिजे, तर परग्रहावरचा बिचारा काय करन?"

एकदा त्यांनी उपायही काढला. सिनेमात शेतात मोठाली वर्तुळं उमटतात, तशी सोयाबीनमध्ये काढायची. ऐकत बसलेल्या एका कास्तकारानं शांतपणे विचारलं, "पीक विमा भेटन काय?" नुकसानीची खबर 72 तासांत द्यायची हे भाऊंना पाठ, पण तेव्हाच्या कारणांत गारपीट होती, भूस्खलन होतं, परग्रहवासी नव्हता. 'इतर' असा रकाना असेल म्हणून त्यांनी मोबाइल उघडला. तेवढ्यात नेटवर्क गेलं. नाहीतर त्या वर्षी तालुक्यात काय झालं असतं, देव जाणे.

त्यांचं समाधान करावं म्हणून मी अमेरिकेचा दाखला दिला. एडी मर्फीचा 'प्लूटो नॅश', 2002चा, चंद्रावर घडणारा विनोदी सिनेमा. खर्च सुमारे 10 कोटी डॉलर, जगभरातली कमाई जेमतेम 70 लाखांच्या आसपास. भाऊ गप्प झाले. मग खोल आवाजात म्हणाले, "म्हणजे पडण्यातबी आपण मागेच?"

हा सगळा खटला लढवणाऱ्या भाऊंनी 'जोकर' पाहिला तो घरी, टीव्हीवर, आणि तोही मध्यंतरापासून. तेव्हा बोरला जाताना सेलूत थांबा, चहा जरूर प्या. पण भाऊंना तिकिटाचं तेवढं विचारू नका.