उसातलं भूत आणि रात्रीची लाईट

दिवाळीच्या सुट्टीत आजोळी गेलेल्या प्रस्तुत लेखकाने आजीला मोबाइलवर ‘लपाछपी’ दाखवला. हेतू शुद्ध नव्हता. आजकालच्या भयपटांना माणूस खरंच भितो का, यावर एक लेख लिहून द्यायचा होता आणि त्यासाठी घाबरणारं कुणीतरी हाताशी हवं होतं. पुण्यातले मित्र कुचकामी निघाले होते. ‘आता कशाचीच भीती वाटत नाही’ असं ते एकसुरात म्हणाले आणि शेवटचा खेळ सुटल्यावर पार्किंगमध्ये गाडीची मागची सीट तपासूनच आत बसले.

‘लपाछपी’ २०१७ चा, विशाल फुरिया या दिग्दर्शकाचा. देणेकऱ्यांना चुकवून एक नवरा आणि त्याची गरोदर बायको उसाच्या मधोमध असलेल्या एका घरात येऊन राहतात. चहूकडे डोक्याच्या वर गेलेला ऊस, पानांची सळसळ, बाहेर पडायची वाट नाही. पूजा सावंतने त्यात भिण्याचं काम इतकं मन लावून केलंय की बघणाऱ्याला वेगळं भ्यायची गरज उरत नाही. याच दिग्दर्शकाने २०२१ मध्ये तो ‘छोरी’ नावाने हिंदीतही केला. थोडक्यात, उसाने घाबरवायचं हा या चित्रपटाचा सगळा डाव.

डाव चुकला तो प्रेक्षक निवडताना. आजी मूळची बीड जिल्ह्यातल्या धारूरच्या डोंगरपट्ट्यातली. मुकादमाकडून आगाऊ उचल घ्यायची, दसरा झाला की बैलगाडीत संसार घालून पश्चिमेला कारखान्यावर ऊसतोडीला जायचं, ते हंगाम संपून पट्टा पडेपर्यंत फडात राहायचं, असे तिचे बावीस हंगाम गेले. या धंद्यात नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरतात. आजी म्हणते, त्यातली मूठ आजोबांची आणि पातं तिचं.

पडद्यावर उसाचा अथांग समुद्र दिसला. इथे शहरी प्रेक्षकाचा श्वास कोंडतो. आजी पुढे झुकली आणि म्हणाली, “एवढा ऊस हुभा अन् टोळी कामून नाही आली? तुरे फुटतील की.” नवरा-बायको कर्जापायी पळून आलेत हे कळल्यावर तिने निकाल दिला, “उचल घेतली असंल. मुकादमानं दोन दिसांत हुडकलं असतं.” मग तो प्रसंग आला. भर उसात तीन लहान पोरं दिसतात, हसतात, नाहीशी होतात. लेखक आधी दोनदा पाहूनही उशी धरून बसला होता. आजीने चष्मा सारखा केला. “कुणाच्या कोपीतली लेकरं हायेत रं ही? साखरशाळा बंद हाय का?”

यावर कुठल्याही समीक्षकाकडे उत्तर नाही. ज्या बाईने पाचटाच्या कोपीत लेकरं वाढवली, पहाटे तीनला उठून अंधारात मोळ्या बांधल्या, तिला ऊस म्हणजे कामाची जागा. ऑफिसात जाणाऱ्या माणसाला फोटोकॉपी मशीन दाखवून घाबरवण्यासारखंच ते.

पण शेवटच्या भागात आजी गप्प झाली. ही भुतं कुठून आली ते तिथे कळतं. मुलगी नको असलेल्या घरातून आलेली असतात. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली होत्या ८०७, राज्यात सगळ्यांत कमी. दहा वर्षांपूर्वी त्या ८९४ होत्या. २०१२ मध्ये परळीतलं गर्भपातांचं प्रकरण उघडकीला आलं आणि जिल्ह्याचं नाव देशभर नको त्या कारणासाठी गाजलं. आजीला आकडे माहीत नाहीत. तिने मोबाइल पालथा घातला आणि एवढंच विचारलं, “हे त्यांला कुणी सांगितलं?” लेखकाने वही बंद केली. त्या रात्री दुसरा चित्रपट लावला नाही.

दुसऱ्या दिवशी प्रयोग पुढे सुरू. ‘मुंज्या’ (२०२४) लावला. आदित्य सरपोतदारांचा हा मुंज्या कोकणातला. लग्नासाठी हटून बसलेला आणि माणसांच्या मानगुटीवर बसणारा. आजी चिडलीच. मराठवाड्यात मुंजाबा म्हणजे पिंपळाखालचा शेंदूर लावलेला दगड, शेताचा बिनपगारी राखणदार. त्याला नैवेद्य दाखवतात. “आमचा मुंजाबा कुणाच्या सोयरिकीत पडत नाही,” ती म्हणाली. शिवाय चित्रपट हसवतोही, त्यामुळे घाबरायचं कधी आणि हसायचं कधी हे तिला कळेना. पण तिकीटबारीला ते बरोबर कळलंय. निव्वळ भूत उभं केलं तर लोक मोबाइल बघतात, भुताला विनोदाची फोडणी दिली तर लोक भूत बघतात.

मग ‘तुंबाड’. याच्याविषयी लेखकाला मनापासून आदर आहे. दिग्दर्शक राही अनिल बर्वे १९९३ मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात गेले असताना मित्राने त्यांना नारायण धारपांची एक कथा सांगितली आणि त्यांची गाळण उडाली. चित्रपटाचं बीज तिथलं. धारप दिवाणखान्यात वाचणं वेगळं आणि रात्री जंगलात ऐकणं वेगळं, हे ज्याला पटत नसेल त्याने जाऊन यावं. चित्रपट आला २०१८ मध्ये, तेव्हा गर्दी बेताचीच. २०२४ मध्ये पुन्हा लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त गल्ला जमवून गेला. त्यात पाऊस थांबतच नाही. कुबट, काळा, शापासारखा पाऊस. मामा दारात उभ्या उभ्या बघत होते. भिंतीतून पाणी झिरपताना पाहून म्हणाले, “एवढं पाणी असून गाव रडतंय कशाला?” जिल्ह्याने टँकरच्या रांगेत उन्हाळे काढले असले की शापित गावाचाही हेवा वाटतो. मात्र सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत सिंदफणा नदी शेतांतून वाहिली, तेव्हापासून मामा हा विनोद जरा हळू आवाजात करतात.

तर बीडचा माणूस भितच नाही का? भितो की! नोव्हेंबर २०२० मध्ये आष्टी तालुक्यात बिबट्याने माणसं मारायला सुरुवात केली, तेव्हा सूर्य कलला की रस्ते ओस पडत. पुढे डिसेंबरात करमाळा तालुक्यात त्याला गोळी घातली, तरी कित्येक महिने उसातलं मांजरही वाघाच्या मानाने वागवलं जाई. वर्षभराने, डिसेंबर २०२१ मध्ये, माजलगाव तालुक्यातल्या लवूळमध्ये माकडं कुत्र्यांची पिल्लं उचलून झाडांवर, घरांवर नेत असल्याची बातमी झाली. अडीचशे पिल्लांचा आकडा जगभर फिरला, परदेशी वाहिन्यांनी टोळीयुद्ध जाहीर केलं आणि शेवटी वनखात्याने दोन माकडं पकडली. एवढा मालमसाला फुकट मिळत असताना एकाही निर्मात्याने लवूळची एसटी धरलेली दिसत नाही.

पण मामांच्या दृष्टीने सगळ्यांत भयाण वाक्य तीन शब्दांचं आहे, शेताला वीज देणारा ट्रान्सफॉर्मर गेल्याचं. ‘डीपी जळाली भौ.’

सुट्टीच्या शेवटच्या रात्री मामा लग्नाला गेले होते. जाताना सांगून गेले, “बाराला थ्री फेज येईल, भाच्या, तेवढी मोटार चालू कर.” विहीर उसाच्या पलीकडे. लेखक बॅटरी घेऊन निघाला. आधुनिक भयपट निष्प्रभ का झाला यावरचा परिच्छेद मनात तयार होता. बांधावर पोहोचला आणि डावीकडे पानं सळसळली. वारा नव्हता. पुन्हा सळसळली, या वेळी जवळून. लेखकाला एका क्षणात पूजा सावंत, आष्टी आणि लवूळ एकदम आठवले.

घरी पोहोचला तेव्हा आजी ओसरीवर जागीच होती.

“लावली का मोटार?”

“फ्यूज गेलाय,” लेखक धापा टाकत म्हणाला.

आजीने विहिरीकडे पाहिलं. स्टार्टरच्या पेटीवरचा दिवा इथूनही लख्ख दिसत होता. ती काही बोलली नाही. पदर खोचला, लेखकाच्या हातातली बॅटरी घेतली, कोपऱ्यातला जुना कोयता उचलला आणि उसाकडे चालू लागली. लेखकाने आतून कडी लावली. मग लाज वाटून काढली. मग फक्त लोटून घेतली.