हसू नका, वटवाघूळ सुतकात आहे

सिनेमागृहात अंधार करायचा आणि पडद्यावर उजेड पाडायचा, अशी आजवरची रीत होती. २०२२ साली मॅट रीव्ह्ज यांनी 'द बॅटमॅन' काढला आणि दोन्हीकडे अंधार केला. चित्रपट १७६ मिनिटांचा. त्यातली बहुतेक मिनिटं रात्रीची आणि रात्रीतली बरीचशी पावसाची. मधोमध डोळ्यांभोवती काळं फासलेला रॉबर्ट पॅटिन्सन. पैशाला तोटा नाही, पण झोप नाही, भूक नाही आणि बोलायला माणूस नाही. गॉथम शहराला महापालिका असावी, कारण सुरुवातीलाच महापौराचा खून पडतो. पण रस्त्यावरचे दिवे लावायचं खातं कुणाकडे आहे, याचा पत्ता लागत नाही. खुनी रिडलर सापडतो, ते खातं सापडत नाही.

हाच बॅटमॅन १२ जानेवारी १९६६ रोजी अमेरिकेत एबीसी वाहिनीवर पहिल्यांदा अवतरला, तेव्हा भर दुपारी, निळ्याशार आभाळाखाली मोटारीतून हिंडत असे. अंगात राखाडी तंग पोशाख, कमरेला पिवळा पट्टा, पोट किंचित सुखवस्तू, आणि चेहऱ्यावर शाळा तपासायला आलेल्या शिक्षणाधिकाऱ्याचा भाव. ते ॲडम वेस्ट. शेजारी बर्ट वॉर्डचा रॉबिन. गुन्हेगार पळून चाललेला असला तरी रॉबिनने मोटारीतला पट्टा बांधला की नाही, हे आधी पाहिलं जाई. व्याकरणात चूक झाली तर मारामारी बाजूला ठेवून ती दुरुस्त केली जाई. गृहपाठ तर होताच.

पहिल्याच भागात रिडलर त्याच्यावर खोट्या अटकेबद्दल दहा लाख डॉलरचा दावा ठोकतो, आणि बॅटमॅन खरोखर घाबरतो. कोर्टात उभं राहायचं तर मुखवटा काढावा लागेल, नाव सांगावं लागेल. कायद्याला इतका भिणारा महानायक पुढे झाला नाही. त्याच भागात तपासासाठी एका नृत्यगृहात शिरायचं असतं. रॉबिन अल्पवयीन, म्हणून तो बाहेर गाडीत बसतो. आत बॅटमॅन संत्र्याचा रस मागवतो. रसात कुणीतरी गुंगीचं औषध घातलेलं असतं, आणि मग हा माणूस दोन्ही हातांची दोन-दोन बोटं डोळ्यांसमोरून फिरवत जो नाच करतो, त्यावर अमेरिका नाचली. एवढं होऊन तो झोकांड्या खात गाडीपाशी येतो, तेव्हा पोलीस त्याला गाडी चालवू देत नाहीत. आणि तो ऐकतो. स्वतःची गाडी, स्वतःचं शहर, पोलीस आयुक्तांशी थेट लाल फोनची ओळख, तरी ऐकतो.

२००८च्या 'द डार्क नाइट'मधला ख्रिश्चन बेलचा बॅटमॅन बघा. जोकर सापडत नाही म्हणून तो गॉथममधल्या झाडून सगळ्या मोबाइल फोनांचं पाळत ठेवायचं यंत्र करतो. परवाना नाही, नोटीस नाही, न्यायाधीश नाही. मॉर्गन फ्रीमनचा ल्युशियस फॉक्स तेवढा एकदा तोंड वाकडं करून राजीनाम्याची भाषा काढतो. जुन्याकडे एकच फोन होता आणि तो वाजला की हा उचलत असे. नव्याकडे साऱ्या शहराचे फोन आहेत आणि शहराला त्याचा पत्ता नाही. याला पटकथेची प्रगल्भता म्हणतात.

ही प्रगल्भता आली कुठून, त्याची कथा मात्र मोठी गोड आहे. जुन्या मालिकेचे निर्माते विल्यम डोझियर यांनी बॅटमॅनची चित्रपुस्तकं आधी वाचलेलीच नव्हती. वाचली तेव्हा त्यांना ती वेडगळ वाटली. मग त्यांनी हिशेब केला: हे सगळं इतक्या गंभीर चेहऱ्याने करायचं की मुलांना ते साहस वाटावं आणि आईबापांना हसू आवरू नये. मालिकेतला तो श्वास रोखायला लावणारा निवेदकाचा आवाजही त्यांचाच. बुधवारी रात्री नायकाला करवतीखाली नाहीतर उकळत्या कढईवर टांगायचं आणि गुरुवारी त्याच वेळी सोडवायचं, हा क्रम पहिली दोन पर्वं चालला. ठोसा बसला की पडद्यावर 'पॉव', 'झॅप' अशी रंगीत अक्षरं फुटत. खलनायकाचा अड्डा आला की कॅमेराच तिरका होई, म्हणजे इथली माणसं वाकडी आहेत हे मुलांनाही कळावं.

आई-बाप हसत होते त्या सुमारास न्यू जर्सीतला मायकेल उस्लान नावाचा एक किशोर मात्र पडद्यासमोर संतापून बसला होता. जग आपल्या बॅटमॅनला हसतंय, हे त्याला सोसवेना. एक दिवस काळोखातला, गंभीर, खरा बॅटमॅन जगाला दाखवीन, असं त्याने मनाशी घेतलं. १९७९ साली भागीदार बेंजामिन मेलनिकर यांच्यासह त्याने चित्रपटाचे हक्कही मिळवले. पुढची दहा वर्षं जोडे झिजवल्यावर १९८९ साली टिम बर्टनचा 'बॅटमॅन' आला आणि तेव्हापासून प्रत्येक बॅटमॅनपटावर उस्लान यांचं नाव कार्यकारी निर्माता म्हणून लागतं. लोकांनी हसू नये एवढ्यासाठी कोट्यवधी डॉलर, तीन पिढ्यांचे नट आणि गॉथमची वीज खर्ची पडली. शाळकरी वयातली मानहानी इतकी महाग कुणालाच पडली नसेल.

आता मिशीचा मुद्दा. मालिकेतला जोकर म्हणजे सीझर रोमेरो. देखणे, उंच, जुन्या हॉलिवूडचे नायक. त्यांनी भूमिका स्वीकारली, पण मिशी काढायला साफ नकार दिला. मग काय, पांढरा रंग मिशीवरूनच थापला. जवळचं दृश्य आलं की चुन्याखालून मिशी स्पष्ट दिसते. कुणाचं काही अडलं नाही. रोमेरो खदाखदा हसत, बॅटमॅनला लाटांवरच्या फळीच्या शर्यतीचं आव्हान देत, आणि बॅटमॅन सगळ्या पोशाखावरून पोहायची चड्डी चढवून समुद्रात उतरे. हे मी रचलेलं नाही, १९६७ सालचा भाग आहे.

पुढचे जोकर भूमिका अंगावर घेऊन जगू लागले. हीथ लेजरने हॉटेलच्या खोलीत स्वतःला कोंडून घेतलं, जोकरची रोजनिशी लिहिली, आवाज शोधला. त्याचं काम असं की बघताना खरंच अंगावर काटा येतो. मरणोत्तर ऑस्कर त्याला मिळालं ते योग्यच मिळालं, त्यावर विनोद नाही. २०१९च्या 'जोकर'साठी वाकिन फिनिक्सने २३ किलोंच्या आसपास वजन उतरवलं, त्यालाही ऑस्कर मिळालं, आणि चित्रपटाने शंभर कोटी डॉलरांहून जास्त गल्ला केला. म्हणजे एकाने २३ किलो काढले आणि एकाने मिशीही काढली नाही. या व्यवहारात शहाणा कोण, हे ज्याने त्याने आपल्या तब्येतीकडे बघून ठरवावं.

पण नियतीला विनोद कळतो. २०१७ साली 'जस्टिस लीग'ची काही दृश्यं पुन्हा चित्रित करायची होती, तेव्हा सुपरमॅन झालेल्या हेन्री कॅव्हिलला दुसऱ्या कंपनीच्या 'मिशन इम्पॉसिबल'साठी मिशी राखावी लागली होती. त्या कंपनीने मिशी कापू देणार नाही असं ठणकावलं. तेव्हा मिशीसकट चित्रण झालं आणि नंतर संगणकावर एकेका चौकटीतून ती पुसण्यात आली. पडद्यावर सुपरमॅनचा वरचा ओठ दाताच्या डॉक्टरांकडून सुन्न होऊन आल्यासारखा दिसला आणि सगळं जग हसलं. १९६६ साली एक डबी रंग लागला होता, आणि तेव्हाही जग हसतच होतं. फरक इतकाच की तेव्हा निर्मात्यालाही हसायचं होतं.

गॉथमचा करदाता म्हणून दोघांचा हिशेब मांडला तर नव्याची पंचाईत होते. १९६६च्या जुलैत मालिकेवरून एक चित्रपटही निघाला. त्यात धूर सोडणारा भला मोठा बॉम्ब दोन्ही हातांत धरून ॲडम वेस्ट धक्क्यावर सैरावैरा धावतो. फेकायला जागाच मिळत नाही. इकडे जोगिणी, तिकडे बाबागाडी घेतलेली आई, पाण्यात होडीतलं प्रेमी युगुल, आणि शेवटी मोकळं पाणी दिसतंय म्हणावं तर तिथे बदकं आणि त्यांची पिल्लं. बदकांसाठी हा माणूस बॉम्ब घेऊन परत फिरतो. २०२२चा बॅटमॅन पेंग्विन नावाच्या गुंडाचा पाठलाग करतो तेव्हा भर महामार्गावर पावसात ट्रक एकमेकांवर चढतात, स्फोट होतो, आगीचा डोंब उसळतो आणि त्यातून याची गाडी उडी मारून बाहेर येते. टाळ्या पडतात. त्या मोटारींतल्या माणसांचा पंचनामा कुणी केला? बरं, एवढं करून पेंग्विनला धरलं, तर कळतं की हवा होता तो माणूस हा नव्हेच. वर कहर म्हणजे रिडलरच्या कोड्यातल्या स्पॅनिश शब्दाचं लिंग चुकलंय, हे पेंग्विनच बॅटमॅनला आणि पोलिसांना हिणवून सांगतो. जुना बॅटमॅन व्याकरण शिकवायचा, नवा खलनायकाकडून शिकतो.

क्रिस्टोफर नोलन यांच्या 'द डार्क नाइट राइजेस'बद्दल आपल्याला जरा जवळीक वाटायला हवी, कारण २०१२चा तो चित्रपट जोधपूरपर्यंत आला होता. बेन नावाचा पैलवान बॅटमॅनचा कणा मोडतो आणि त्याला परदेशातल्या एका विहिरीसारख्या तुरुंगात फेकतो. तिथे उपचार काय? दोराने उभं टांगायचं आणि मणक्यावर गुद्दा हाणायचा. काही महिन्यांत गडी जोर-बैठका काढू लागतो आणि भिंत चढून वर येतो, तर समोर मेहरानगडाचा किल्ला! पाठदुखीने वर्षानुवर्षं पट्टा बांधून हिंडणाऱ्या वाचकांनी हा उपाय घरी करू नये. तिथून खिशात दमडी नसताना, पारपत्र नसताना, नाकेबंदी झालेल्या गॉथममध्ये तो कसा पोचला, हे तीन तासांच्या जवळपास चालणाऱ्या चित्रपटात सांगायला वेळ झाला नाही. जुन्या मालिकेत निवेदकाने निदान बोटीचं नाव सांगितलं असतं.

मुळात वेन घराण्याचं सुतक फिटतच नाही. मालिकेत आई-वडिलांच्या खुनाचा ओझरता उल्लेख होतो आणि माणूस कामाला लागतो. चित्रपटांत मात्र थॉमस आणि मार्था वेन १९८९ साली मारले गेले, २००५ साली पुन्हा मारले गेले, २०१६ साली पुन्हा, आणि २०१९ साली बॅटमॅन नसलेल्या चित्रपटातही सुटले नाहीत. गल्ली तीच आणि बहुतेक वेळा तुटणारा मोत्यांचा सरही तोच. कोणीतरी या दांपत्याला रात्रीच्या खेळाला जाण्यापासून आवरायला हवं होतं. २०१६ला तर त्या माउलीच्या नावाने कमालच केली. सुपरमॅनच्या आईचं नावही मार्था निघालं म्हणून त्याच्या उरावर भाला रोखलेला बॅटमॅन एकदम विरघळला. म्हणजे आईचं नाव हेलन असतं तर सुपरमॅनला पोचवूनच हे गृहस्थ घरी परतले असते.

आपल्याकडेही हे सुतक येऊ घातलंय. १९९७ ते २००५ दूरदर्शनवर 'शक्तिमान' चालली. मुकेश खन्ना गोल-गोल फिरून खलनायकाला लोळवायचे आणि भागाच्या शेवटी मुलांना चांगल्या सवयी शिकवायचे. जातकुळी सरळ ॲडम वेस्टची. २०२२ साली तिच्यावरच्या मोठ्या चित्रपटाची घोषणा झाली. मला भीती एकच वाटते, की शक्तिमानचं साधं रूप असलेल्या गंगाधरचे पुढे आलेले दात सरळ करतील आणि त्याच्या बालपणात एखादा खून घालतील.

जुन्या मालिकेची आरती ओवाळायची नाही. तिसऱ्या पर्वात पैसे आटले, आठवड्याचे दोन भाग एकावर आले, काळ्या पडद्यापुढे चार वस्तू मांडून अड्डा झाला म्हणायचे. बॅटगर्ल झालेली इव्हॉन क्रेग मोटारसायकलवरून आली आणि कॅटवुमन म्हणून अर्था किट गुरगुरली, तेवढीच जान. १४ मार्च १९६८ रोजी १२०वा भाग दाखवून कारभार आटोपला.

पण त्या १२० भागांत एक गोष्ट लपवलेली नव्हती: वटवाघळाचे कान लावून हिंडणारा श्रीमंत माणूस हा विनोदी असतो. पेंग्विन महापौरपदासाठी उभा राहतो, बँड लावतो, मुली नाचवतो आणि प्रश्नांवर बोलायचं नाही असं कार्यकर्त्यांना बजावतो. समोर बॅटमॅन प्रश्नांवर बोलत सुटतो आणि श्रोते जांभया देतात. १९६६चा तो भाग आज विनोदी वाटत नाही, माहितीपट वाटतो. नवे चित्रपट भ्रष्टाचार, सत्ता, सूड यांवर तासन्‌तास खर्जात बोलतात आणि यातलं अर्धंही सांगत नाहीत, कारण कान दिसतील या धास्तीने त्यांना दिवा लावता येत नाही.

रीव्ह्ज यांचा पुढचा भाग २०२७साठी जाहीर झाला आहे. पाऊस थांबवा, असं आम्ही म्हणत नाही. मिशीचाही आग्रह नाही. निर्मात्यांनी कृपया एक प्रसंग दुपारी बारा वाजता चित्रित करावा.