समोरचा वारा आणि ताठ मान

ही मार्गदर्शिका सर्वांसाठी नाही. ज्यांचं ऑफिस घरातच आहे, ज्यांच्या गाडीच्या काचा बटणावर वर जातात, किंवा ज्यांना पाऊस आला की कांदाभजी आठवतात, त्यांनी इथेच थांबावं. कोथरूड, वारजे, सिंहगड रस्ता अशा ठिकाणी राहून रोज सायकलने कामाला जाणारे, त्यातही ज्यांनी एप्रिलमध्ये चारचौघांत ‘यंदा पावसाळ्यातही सायकल सोडणार नाही’ असं जाहीर करून टाकलं आणि आता जूनच्या मध्यावर ज्यांना शब्द मागे घेता येत नाही, असे पुणेकर आमचे वाचक आहेत. शब्द मागे घेण्याची कला ज्यांना अवगत आहे, त्यांना सायकलची गरज नसते. त्यांना पक्षच गाडी देतो.

सुरुवातीलाच एक गोष्ट समजून घ्यावी. वारा समोरून असतो.

यावर शंकेखोर वाचक विचारेल की सकाळी समोरून आला तर संध्याकाळी पाठीमागून यायला नको का? शंका रास्त आहे, पण हिशेब करून पाहावा. समजा, ऑफिस १० किलोमीटरवर आहे आणि वारा पडलेला असताना तुम्ही ताशी २० किलोमीटरने जाता. जायला अर्धा तास, यायला अर्धा तास. आता वारा सुटला. जाताना वेग १० वर आला, येताना ३० वर गेला. फिटंफाट झाली असं वाटतं. पण जायला लागला एक तास आणि यायला २० मिनिटं. एकूण ८० मिनिटांपैकी ६० मिनिटं तुम्ही वाऱ्याच्या तोंडी होता. उरलेली २० मिनिटं वाऱ्याने मदत केली खरी, पण ती हिशेबात धरता येत नाही, कारण पाठीवरचा वारा कुणालाच जाणवत नाही. त्या वेळी माणसाला एवढंच वाटतं की आपली तब्येत हल्ली फार सुधारली आहे.

पुण्यात पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो आणि नोकऱ्याही बऱ्याचशा त्याच दिशेला, हिंजवडी-बाणेरकडे, जाऊन बसल्या आहेत. कोथरूडहून पौड रस्त्याने चांदणी चौकाकडे निघालेल्याला तर चढ आणि वारा एकाच हप्त्यात मिळतात. या चौकात २०२३ मध्ये नवे पूल झाले. तेव्हापासून तिथे माणसं वाट चुकतात, वारा चुकत नाही. संध्याकाळी परतताना उतार असतो, पाठीवर वारा असतो, आणि ओल्या ब्रेकांवर दोन्ही हात आवळून खाली यायचं असल्यामुळे दोन्हींचा उपयोग शून्य असतो. मे महिन्यातला वळीव याहून वाईट. तो मुळात संध्याकाळीच येतो, कुठल्याही दिशेने येतो, आणि येण्याआधी धुळीचा असा लोट पाठवतो की सायकलस्वार काही काळ फक्त आठवणीवर चालतो.

आता तंत्राकडे वळू. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हे आपण शाळेत घोकलं होतं. त्याची प्रचिती म्हात्रे पुलावर येते. ताशी १५ ने चालवणाऱ्याला ताशी १५ चा वारा समोरून भेटला, की अंगावर आदळणारी हवा ३० ची होते आणि रोध होतो चौपट. यावर उपाय दोनच. खालचा गिअर टाकून निमूटपणे हळू जाणं, किंवा कोपरं दुमडून, छाती हँडलवर आणून, मान खाली घालून वाऱ्याला लागणारं अंग कमी करणं. दोन्ही शास्त्रशुद्ध आहेत. दोन्ही पुण्यात अमलात आणणं अवघड आहे.

कारण पुणेकर सायकलवर ताठ बसतो. सायकलींचं शहर म्हणून पुण्याचं नाव होतं तेव्हापासूनची ही बैठक आहे. काळी, भारदस्त, सीट आणि हँडल एका उंचीवरची सायकल, कॅरिअरला डबा, आणि शेजारून जाणाऱ्या दुसऱ्या सायकलवाल्याशी पेशवाईच्या पतनावर चर्चा. ही चर्चा वाकून करता येत नाही. ज्याने साहेबापुढे, सासऱ्यापुढे आणि सोसायटीच्या चेअरमनपुढे मान खाली घातली नाही, त्याला केवळ हवा चौपट झाली म्हणून ती घालायला सांगणं म्हणजे फारच झालं.

तेव्हा तडजोड अशी. मान खाली घालावी, पण कारण दाखवावं. चेन आवाज करतेय का, पुढच्या चाकात हवा कमी वाटतेय का, बुटाची लेस तर सुटली नाही ना, अशा मुद्रेने खाली पाहत राहावं. या पद्धतीने गुडलक चौक ते डेक्कन एवढं अंतर स्वाभिमानाला धक्का न लागता कापता येतं. त्यापुढे चेन बदलण्याचा सल्ला देणारे भेटू लागतात. गिअरच्या बाबतीत मात्र तडजोड नाही, तो खालचाच टाकावा. पाय भराभर फिरतात, सायकल जागची हलत नाही, आणि फुटपाथवरून चालायला निघालेल्या आजी पुढे निघून जातात. त्यांना नमस्कार करावा. तेवढीच मान आणखी खाली जाते.

ताठ बसण्याची ही हौस आपलीच आहे असं समजू नये. नेदरलँड्समध्ये ऑस्टरस्केल्ड नावाचा समुद्राचा बांध आहे, त्यावर २०१३ पासून समोरच्या वाऱ्यात सायकल चालवण्याची राष्ट्रीय स्पर्धा भरते. अंतर साडेआठ किलोमीटर, सायकली सगळ्यांना सारख्या, बिनगिअरच्या, ताठ बसायच्या. तारीख आधी ठरत नाही. वादळाचा अंदाज आला की दोन-तीन दिवस आधी जाहीर करतात, आणि वारा किमान सात अंकांचा लागतो. हवा चांगली असेल तर स्पर्धा नाही. अशी स्पर्धा डचांच्या आधी सदाशिव पेठेला सुचली नाही, हे मला अजून पटत नाही.

सात अंक म्हणजे किती, ते सांगायला हवं. फ्रान्सिस ब्यूफर्ट या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने १८०५ मध्ये वाऱ्याला अंक द्यायची पद्धत बसवली. शून्य म्हणजे निवांत, बारा म्हणजे चक्रीवादळ. त्याची मोजणी जहाजाच्या शिडांवर होती. जमिनीवरच्या खुणा पुढे जॉर्ज सिम्पसन यांनी जोडल्या, आणि हे सिम्पसनसाहेब काही वर्षं आपल्या हवामान खात्यात सिमल्याला नोकरीला होते. तेच खातं १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात आलं. मुख्यालय नंतर दिल्लीला गेलं, तरी शिवाजीनगरच्या त्या इमारतीला आणि चौकाला आजही सिमला ऑफिसच म्हणतात. थोडक्यात, वाऱ्याच्या मोजपट्टीवर पुण्याचा थोडा हक्क आहे, आणि तो बजावून आम्ही ती शहरापुरती सुधारून घेतली आहे.

तीन अंक, ताशी १२ ते १९ किलोमीटर: चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवरचे कार्यकर्ते हलकेच माना डोलावतात. सायकल चालवावी, शीळही घालता येते. चार अंक, २० ते २८: धूळ आणि कागद उडतात, रेनकोट फडफडतो, शीळ बंद. आषाढात आपल्याकडे बहुधा हाच मुक्कामाला असतो. पाच म्हणजे २९ ते ३८, लहान झाडं झुलू लागतात आणि फ्लेक्सवरच्या नेत्याचं पोट आत-बाहेर होतं. सहाला, ३९ ते ४९ मध्ये, मोठ्या फांद्या हलतात आणि छत्री धरणं कठीण जातं, असं खऱ्या मोजपट्टीतल्या जमिनीवरच्या खुणांतच लिहिलेलं आहे. एका हाताने छत्री आणि एका हाताने हँडल धरणाऱ्या जुन्या पिढीने हे वाचलेलं दिसत नाही; त्यांच्या छत्र्या उलट्या झाल्या, ते झाले नाहीत. आपण मात्र सहाला उतरावं, कारण या सुमारास फ्लेक्स चौकट सोडून जनसंपर्काला निघतो. सातच्या पुढे डच लोक स्पर्धा घेतात. आपण चहा घ्यावा.

कपड्यांचा विषय मोठा आहे. रेनकोट घातला की पाऊस बाहेरून लागत नाही, आतून लागतो. दहा मिनिटं पायडल मारल्यावर घामाने माणूस इतका भिजतो की रेनकोट काढून पावसात उभं राहिलं तर कोरडं वाटावं. चांगले, श्वास घेणारे रेनकोट मिळतात. त्यांची किंमत ऐकल्यावर आपला श्वास थांबतो. पोंचो हवेशीर असतो, पण तो वाऱ्यात फुगून शीड होतो, आणि ब्यूफर्टची पद्धत मुळात शिडांवरच बेतलेली होती हे तेव्हा कळतं. या सगळ्यात शहाणी वस्तू एकच, कोकणातलं आणि मावळातलं इरलं. भातलावणी करणारी बाई कमरेत वाकलेली असते, म्हणून इरलं पाठीवर छपरासारखं बसतं. हात मोकळे, हवा खेळती. पण ते वाकणाऱ्यासाठी बनवलेलं आहे. ताठ बसणाऱ्याने घातलं तर डोकं तेवढं झाकलं जातं आणि बाकीचा माणूस शासकीय योजनेबाहेर राहतो.

मडगार्ड दोन्ही चाकांना हवंच. ते नसलेली सुटसुटीत सायकल दुकानात छान दिसते, पण पावसात मागचं चाक शर्टावर कमरेपासून मानेपर्यंत चिखलाची एक सरळ रेघ ओढतं, आणि मीटिंगमध्ये फळ्याकडे वळलात की ती सर्वांना दिसते.

रस्त्याबद्दल थोडक्यात. पाण्याने भरलेल्या खड्ड्याचा तळ दिसत नसेल तर त्यातून जाऊ नये. तळ आहेच, असं गृहीत धरू नये. पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल वर येतं, तो दिवस सर्वांत घसरडा. झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे, गटारांची लोखंडी झाकणं, पेव्हर ब्लॉक आणि गुलमोहराच्या पाकळ्यांचा सडा यांवर वळू नये, ब्रेक मारू नये, कविताही करू नये. रिमचे ब्रेक ओले असताना आधी पाणी पुसतात आणि मग पकडतात, म्हणून नेहमीच्या कितीतरी आधी दाबायला सुरुवात करावी. बस शेजारून जाते तेव्हा आडवा वारा क्षणभर अडतो. आपण नकळत बसकडे झुकतो, बस पुढे गेली की वारा परत येतो आणि आपण फुटपाथकडे जातो. हे माहीत असलं की हँडल घट्ट न धरता सैल धरून ठेवता येतं. खडकवासल्यातून पाणी सोडल्याची बातमी आली की भिडे पूल डोक्यातून काढून टाकावा. किती क्युसेक सोडलं, ते पुलावर जाऊन मोजण्याची गरज नाही.

सायकलट्रॅकवर पावसाळ्यात गाड्या, टपऱ्या आणि वाळूचे ढीग आडोशाला येतात. त्यांना त्रास देऊ नये.

विजा चमकू लागल्या तर मात्र विनोद बाजूला ठेवावा. सायकलच्या टायरचं रबर वीज अडवत नाही. चारचाकीतला माणूस वाचतो तो रबरामुळे नाही, भोवतीच्या धातूच्या पत्र्यामुळे. पुण्याच्याच उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने केलेलं ‘दामिनी’ हे ॲप जवळपासच्या विजांचा इशारा देतं, ते फोनमध्ये असावं. गडगडाट ऐकू आला की पक्क्या इमारतीत शिरावं. झाडाखाली थांबू नये, त्यातही जुन्या, फांद्यांनी लवलेल्या झाडाखाली. इथे मान, प्रतिष्ठा आणि एप्रिलमधला शब्द, तिन्ही विसरण्याची परवानगी आहे.

एवढं सगळं जमलं तरी माणसं राहतातच, आणि वाऱ्यापेक्षा तीच जास्त अडवतात. नळ स्टॉपच्या सिग्नलला स्कूटरवरचे गृहस्थ विचारतात, “काय हो, पेट्रोल परवडेना का?” यावर “हो ना, सगळं तुमच्याच टाकीत संपलं,” असं म्हणावं आणि दिवा हिरवा व्हायची वाट पाहावी. तो बराच वेळ होत नाही. सोसायटीच्या जिन्यात काकू थांबवतात, “अरे, एवढ्या पावसात? गाडी विकलीस की काय? आईला माहितीये का?” इथे वाद घालू नये. तिसऱ्या प्रश्नाला बेचाळिसाव्या वर्षीही समाधानकारक उत्तर नसतं. ऑफिसच्या गेटवर वॉचमन सायकल अडवून ‘व्हिजिटर’च्या वहीत नाव लिहायला लावतो आणि वाहन क्रमांकाचा रकाना पेनाने ठोकून दाखवतो. तिथे जन्मतारीख लिहावी, आजवर कुणीही हरकत घेतलेली नाही. शेवटी लिफ्टमध्ये एक सहकारी ओल्या चपलांपासून टोपीपर्यंत नजर फिरवून म्हणतो, “ग्रेट यार, मीसुद्धा सुरू करणार आहे.” त्याला कोणत्याही परिस्थितीत प्रोत्साहन देऊ नये. तो सुरू करत नाही, पण पुढची तीन वर्षं रोज सांगतो.

कोरडे कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, आणि दोन्ही बॅगेत. मोजे हमखास विसरतात, म्हणून एक जोड ड्रॉवरमध्ये कायमचा ठेवावा. ओले मोजे संगणकाच्या मागे, गरम हवा बाहेर पडते तिथे वाळत घालावेत. आयटी विभागाचा माणूस आल्यास संगणक हल्ली फार तापतो अशी तक्रार आपणच आधी करावी.

पोचायला उशीर झाला तर हजेरीच्या फॉर्मवर कारण लिहावं लागतं. तिथे ‘वारा’ असं कधीही लिहू नये. ते खरं असलं तरी कबुलीजबाबासारखं दिसतं, आणि वाऱ्याने हरवलं हे लेखी द्यायला आपण काही नेदरलँड्समध्ये नाही. ‘ट्रॅफिक’ लिहावं. त्यात कुणाचाच कमीपणा होत नाही, आणि तो फॉर्म मंजूर करणारे साहेब त्याच ट्रॅफिकमध्ये अडकून अजून चांदणी चौकातच असतात.