प्रोसेसरवाले अण्णा

सावेडीत जा, केडगावात जा, नाहीतर भिंगारकडच्या नव्या वसाहतींत जा, दर कॉलनीत एक प्रोसेसरवाले अण्णा असतातच. आडनाव वेगळं, बंगल्याचं नाव वेगळं, माणूस तोच. उमेदीची वर्षं नागापूरच्या एमआयडीसीत सुपरवायझरकीत गेलेली, मनगटावर निवृत्तीच्या दिवशी मिळालेलं घड्याळ, खिशाला टेस्टर, आणि आता हुकूम सोडायला हाताखाली एकही माणूस उरलेला नाही. मुलगा-सून पुण्याला. दिवाळीला येताना ती दोघं एक खोकं घेऊन येतात. खोक्यावर हसऱ्या बाईचं चित्र आणि खाली लिहिलेलं असतं, 'कॉम्पॅक्ट फूड प्रोसेसर'. भेट आईसाठी आणलेली असते. खोकं अण्णा उघडतात, आणि भेट कोणाची हा प्रश्न तिथेच निकाली निघतो.

अण्णांचं पहिलं लक्षण म्हणजे ते माहितीपुस्तिका वाचतात. बाकी दुनिया ती पुस्तिका थर्माकोलबरोबर माळ्यावर टाकते. अण्णा पेन्सिल घेऊन बसतात, खुणा करतात, आणि वॉरंटी कार्डाला प्लास्टिकचं कव्हर घालून ते घराच्या खरेदीखताशेजारी ठेवतात. 2024 साली जिल्ह्याचं नाव अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, तेव्हा कार्डावरच्या पत्त्यात दुरुस्ती करून घ्यावी लागेल का, हे विचारायला त्यांनी कंपनीच्या टोल फ्री नंबरवर फोन लावला होता. पलीकडच्या मुलीनं मशीन बिघडलंय का, असं विचारलं. अण्णा म्हणाले, "मशीन उत्तम आहे, पत्ता बिघडलाय."

मशीन कॉम्पॅक्ट असतं ते खोक्यात असेपर्यंत. एकदा बाहेर आलं की मोटर, मोठं भांडं, झाकण, ढकलणी, कापाची चकती, किसाची चकती, कणीक मळायचं पातं, चटणीचा जार, ज्यूसची चाळणी असा सगळा कुटुंबकबिला ओट्यावर गॅसपासून सिंकपर्यंत पसरतो. काकूंना मग कुकर उतरवायला जागा उरत नाही. कुकर हातात धरून त्या म्हणतात, "अहो, हे जरा सरकवा." अण्णा म्हणतात, "लेआउट बदलू नकोस."

कारण कंपनी सुटली तरी कंपनीची भाषा सुटलेली नसते. अण्णांच्या स्वयंपाकघरात भाजी चिरत नाहीत, ऑपरेशन होतं. कणीक मळत नाहीत, बॅच निघते. आणि या सगळ्याच्या मुळाशी एक शब्द असतो, सेटअप टाइम. अण्णा बोट वर करून सांगतात, "चकती बसवायला वेळ लागणारच, मग एक कांदा चिरला काय आणि शंभर चिरले काय. म्हणून बॅच मोठी पाहिजे." कारखान्यात हे तत्त्व शंभर टक्के खरं असतं. घरात माणसं दोन असतात. अण्णांचं उत्तर सोपं असतं. तत्त्व बदलता येत नाही, तेव्हा कोशिंबीर वाढवायची.

मग एके सकाळी ते नेप्तीच्या उपबाजारातून कांद्याची गोणीच आणतात. मशीन पडलं कॉम्पॅक्ट, त्याच्या भांड्यात एका वेळी मावणार चार कांदे. त्यामुळे मोठ्या बॅचच्या पोटात लहान-लहान बॅचा काढत दुपार होते. वर हे कांदे प्रकरण नाजूक. बटण जरा जास्त दाबून धरलं की फोडींचं पाणी होतं. ते सोडत-सोडत दाबावं लागतं आणि अण्णांचा अंगठा आयुष्यभर मशीन चालू ठेवण्याच्या तालमीत तयार झालेला. संध्याकाळी फ्रीजमध्ये डब्यांवर डबे चढतात आणि दुसऱ्या दिवशी चहालाही कांद्याचा वास येतो. कॉलनीत कोबीचा कीस आणि गाजराच्या चकत्या पोचत्या होतात. प्रत्येक डब्याबरोबर निरोप असतो, "बघा, जाडी कशी एकसारखी आलीये." वहिनी लोक डबा परत देताना तो रिकामा देत नाहीत, ही आपली रीत. त्यामुळे काकूंच्या फ्रीजमध्ये आणखी डबे जमतात.

घरी पाहुणा आला की अण्णा त्याला पाण्याआधी मशीन दाखवतात आणि इतिहास सांगतात. मूळ हे यंत्र फ्रान्समधलं, हॉटेलांच्या भटारखान्यासाठी पिएर व्हेर्दां यांनी काढलेलं. 1973 साली ते 'क्विझिनार्ट' नावानं अमेरिकेतल्या घरांत शिरलं. "पण आपला माणूस त्याच्याही दहा वर्षं आधीचा," असं म्हणून अण्णा 'सुमीत'च्या सत्यप्रकाश माथुर यांच्याकडे वळतात. माथुर सीमेन्समधले अभियंते. घरातला परदेशी मिक्सर जळाला. तो दूध-फळं घुसळायला बनवलेला, आपल्या डाळ-तांदळापुढे त्याची मोटर टिकायची नाही. मग पत्नी माधुरी यांच्या आग्रहावरून त्यांनी दणकट मोटरचं यंत्र बनवलं आणि 1963 साली 'सुमीत'चा धंदा उभा राहिला. इथे अण्णांचा आवाज भरून येतो. आतून काकू म्हणतात, "त्यांनी बायकोसाठी अख्खी मोटर बनवली. तुम्ही निदान जार विसळा."

अण्णा जार विसळत नाहीत. सुपरवायझरनं मशीन पुसायचं नसतं, ही जुनी शिस्त. मात्र मोटरची काळजी त्यांच्याइतकी कोणी घेत नाही. आपल्याकडच्या बहुतेक मिक्सरांच्या पाठीवर '30 मिनिटे रेटिंग' असं लिहिलेलं असतं. म्हणजे 5 मिनिटं चालवायचं, 2 मिनिटं थांबायचं. अण्णा घड्याळ लावून थांबतात. त्या दोन मिनिटांत कोणी बटणाकडे हात नेला तर अंगावर येतात. "तिला दम खाऊ दे!" काकू तेवढ्यात मागची बॅच डब्यात भरतात, पुढची सोलतात, ओटा पुसतात, आणि फोनवर सुनेला सांगतात की हो, मशीनचा खूप उपयोग होतोय. त्या घरात दर पाच मिनिटांनी दोन मिनिटं विश्रांती मिळते ती फक्त मोटरला.

या यंत्रयुगाला नगर जिल्ह्यात एकच खरा विरोधक आहे, बाजरी. गव्हाची कणीक मशीन मिनिटभरात गोळा करून देतं, अगदी कौतुकानं. त्या जोरावर अण्णा एकदा बाजरीचं पीठही भांड्यात ओततात. गव्हातलं ग्लुटेन मळलं की ताणतं, गोळा धरून ठेवतं. बाजरीत ते नाहीच. तिला उकळतं पाणी लागतं आणि तळहाताची टाच लागते. शिवाय भिजवलेलं पीठ फार वेळ पडलं की त्याची भाकरी थापताना चिरते, म्हणून एका वेळी एका-दोन भाकऱ्यांपुरतंच मळायचं. म्हणजे सेटअप टाइमचं तत्त्व बाजरीला मान्यच नाही. हुलग्याच्या शेंगोळ्यांची तीच तऱ्हा. पीठ मशीन मळेल, पण ते तळहातांमध्ये वळून त्यांची कडी कोण करणार? त्याची चकती अजून कुठल्या कंपनीनं काढलेली नाही. अण्णांनी कंपनीला तसं सुचवल्याचं ऐकतो.

ठेच्याचंही तसंच. मिरची-लसूण तव्यावर परतून तिथेच वाटीच्या बुडानं रगडला तर तो ठेचा. प्रोसेसरमधून निघते ती हिरवी पेस्ट. अण्णा ती खातात आणि "एकजीव झालाय" म्हणतात. काकू आपल्यापुरता वेगळा रगडतात आणि तो अण्णाच संपवतात.

पण अण्णांची टिंगल करून कॉलनीला चालत नाही. सणाच्या सकाळी कोणाचा तरी मिक्सर बंद पडतो आणि हाक येते, "अहो अण्णा, जरा येता का?" अण्णा टेस्टर चाचपत निघतात. मिक्सर उलटा करतात, बुडाचं लाल बटण दाबतात, थोडं थांबून सुरू करतात आणि मिक्सर गुरगुरायला लागतो. भार जास्त झाला की मोटर वाचवण्यासाठी ते बटण आपोआप सुटतं, एवढीच भानगड. माळीवाड्यातल्या दुकानापर्यंतची फेरी वाचते. जार नुसताच गरागरा आवाज करून पातं फिरवत नसेल, तर खालचा रबरी कपलर गेला, हेही ते ऐकूनच सांगतात. कॉलनीच्या सत्यनारायणाला पुरणपोळी ठरली तर शिजलेली डाळ त्यांच्याकडेच येते. "पुरण गरम आहे तोवरच फिरवायचं, गार झालं की पात्याला चिकटून बसतं," हे त्यांचं वाक्य आता पाटा-पुरणयंत्रावर आयुष्य काढलेल्या आज्याही मान डोलावून ऐकतात. त्या दिवशी बॅच मोठी असते, खाणारी तोंडं मोठ्या संख्येनं असतात, आणि अण्णांचं तत्त्व चोख लागू पडतं.

प्रश्न उरतो तो उरलेल्या दिवसांचा. तो शेवटी काकूंनीच सोडवला. त्यांनी भांडण केलं नाही, टाइम स्टडी केला. अण्णांचंच घड्याळ मागून घेतलं आणि कॅलेंडरच्या मागे दोन रकाने पाडले. मशीन चालतं तेवढा वेळ एका रकान्यात. चकतीच्या फटीतलं गाजर टूथब्रशनं काढणं, झाकणाचं रबर काढून धुणं, सगळं पुसून, वाळवून पुन्हा खोक्यात भरणं, हे दुसऱ्या रकान्यात. महिनाअखेर त्यांनी तो कागद अण्णांसमोर ठेवला. त्या म्हणाल्या, "तुमचा सेटअप टाइम तुम्ही सुरुवातीचाच धरलाय. शेवटचा माझ्या खात्यावर टाकलाय." अण्णांनी चष्मा लावून आकडे तपासले. हिशेब बरोबर होता. खऱ्या सुपरवायझरला कागदावरचा आकडा नाकारता येत नाही. त्याच दिवशी नियम झाला, जो चालवेल तो धुईल.

तेव्हापासून अण्णांच्या घरी कोशिंबीर दोघांपुरतीच होते, कांदा पुन्हा विळीवर आलाय आणि चिरायला अण्णा स्वतः बसतात. विळी धुवायला सोपी आहे, असं त्यांचं नवीन संशोधन. प्रोसेसर निघतो पुरणाला, दिवाळीच्या खोबऱ्याला, पंधरा-वीस पानं असतील तेव्हा. खरं तर तो त्यासाठीच आहे.

म्हणून तुमच्या घरी असं खोकं आणायचं मनात असेल तर दुकानात वॅट विचारा, चकत्या मोजून घ्या, वॉरंटीवर शिक्का मारून घ्या. पण दुकानाची पायरी चढण्याआधी, प्रोसेसर धुणार कोण, एवढं घरात ठरवून घ्या. उत्तर "ठरवायचं काय त्यात?" असं आलं, तर पैसे वाचवा आणि एक चांगली विळी घ्या.