आवाज येते, पण लागते ना!

कोहमाऱ्याच्या चौकात राष्ट्रीय महामार्ग ५३ आणि गोंदियाचा रस्ता एकमेकांना छेदतात. तिथं झिजलेला ब्रेक न बदलणारे भाऊ दिसण्याआधी ऐकू येतात. गाडी किंचाळत थांबते, काच खाली होते आणि कुणी विचारायच्या आत खुलासा मिळतो, "आवाज येते, पण लागते ना!" सडक अर्जुनी तालुक्यात अशा भाऊंना लोक कंजूष म्हणतात, नाहीतर अडाणी. कंजूष म्हणावं तर सीट कव्हर नवं, स्पीकर नवे, डॅशबोर्डावरचे देवही नवे. अडाणी म्हणावं तर दुसऱ्याच्या गाडीचं बेअरिंग गेलंय हे पानठेल्यावर बसून नुसत्या कानानं सांगतात. माझ्या मते आपला ब्रेक कामातून चाललाय हे भाऊंना पक्कं ठाऊक असतं. पायाला कळलेलं तोंड कबूल करत नाही, एवढंच. ब्रेक एका दिवसात जात नाही. तो रोज थोडा कमी लागतो आणि पाय रोज थोडा आधी दाबायला शिकतो. भाऊंच्या ड्रायव्हिंगमध्ये अलीकडे जो पोक्तपणा आल्याचं घरचे सांगतात, तो हाच. चढावर गाडी लावली की चाकामागे गोटा ठेवतात, आणि मंडईला जायला जावई किल्ली मागतो तेव्हा तर सगळं उघड होतं: "जवाईबापू, ब्रेक दोनदा दाबजा, गाडी डावीकडे ओढते, लाल दिव्याकडे पाहू नका." गॅरेजवाल्याला यापेक्षा नेमकं निदान करता येणार नाही.

भाऊंची बाजूही ऐकायला हवी. ते म्हणतात, पावसाळ्यात डिस्कवर गंज धरतो, त्याचा आवाज येतो. बरोबर आहे, पण तो गंज सकाळच्या दोन-चार ब्रेकांत घासून जातो, आणि भाऊंचा पावसाळा वैशाखातही चालू असतो. ब्रेक पॅडला बहुतेक गाड्यांत एक छोटी पत्र्याची पट्टी असते. अस्तर दोन-तीन मिलिमीटर उरलं की ती डिस्कला घासावी आणि बोंब मारावी, यासाठीच कंपनीनं बसवलेली. भाऊ तेव्हा गाण्याचा आवाज वाढवतात. पुढे किंचाळी जाऊन खरखर सुरू होते, म्हणजे आता लोखंडाला लोखंड लागलं, पॅडच्या खर्चात डिस्कचाही खर्च आला. भाऊ मात्र खूश, कारण किंचाळी थांबली. लाल दिव्याची गोष्ट तर याहून सुरस आहे. पॅड झिजले की पिस्टन पुढे सरकतात आणि डबीतलं ब्रेक ऑइल खाली उतरतं, म्हणून डॅशबोर्डावरचा हा दिवा लागतो. दिवा झिजेची चुगली करत असतो, आणि भाऊ वरून ऑइल ओतून चुगलखोराचं तोंड बंद करतात. जुन्या ऑइलनं हवेतलं पाणी पिऊन ठेवलेलं असतं ते वेगळंच: डॉट ४ ऑइल कोरं असताना २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ओलं झालं की ही मर्यादा १५५ वर येऊ शकते. उतारावर तापून त्याची वाफ झाली की पेडल स्पंजासारखं आत जातं. शशीकरणच्या पहाडीत भाऊ देवस्थानासमोर गाडी थांबवून हात जोडतात. गाडी तिथं थांबली, हेच त्यांच्या लेखी ब्रेकचं प्रमाणपत्र.

त्यांचा शेवटचा मुद्दा सर्वांत भारी: "इतक्या वर्षांत ठोकली का?" नाही ठोकली, मान्य. पण आधीपासून दाबत आणायची ही विद्या ठरलेल्या थांब्यांपुरती आहे. चौक, टोल, सासुरवाडी यांच्या जागा माहीत असतात. नवेगाव आणि नागझिरा यांच्या मधून जाणाऱ्या या महामार्गावर रात्री रानडुक्कर कुठे आडवं येईल, हे त्या डुकरालाही आधी ठरवता येत नाही. ताशी ८० च्या वेगात गाडी सेकंदाला २२ मीटर पळते. भाऊंना दोनदा दाबायचं असतं, आणि झाडीपट्टीचं नाटक पाहून परतताना गाडीत सात माणसं असतात. शिवाय आजवर न ठोकण्याचं निम्मं श्रेय समोरच्या एसटी ड्रायव्हरचं, त्याचे ब्रेक लागले म्हणून. भाऊंची भिस्त मुळात हॉर्नवर आहे. तो बिघडला तर मात्र ते जेवण टाकून गॅरेजात जातात आणि मेकॅनिकला बजावतात, "आजच करून दे बाबा, याच्याशिवाय गाडी चालवणं धोक्याचं असते."