हा तर मीच!

देवगाव फाट्यावर माणूस थांबतो तो निघून जाण्यासाठी. सेलूकडे, जिंतूरकडे आणि मंठा-जालन्याकडे जाणाऱ्यांची इथं पांगापांग होते. एसटी वेळेवर येणार नाही हे धरूनच हॉटेलवाल्यानं बाकडी टाकली आहेत. त्यांतल्या एका बाकड्यावर मात्र कुठंच न जाणारा एक गृहस्थ बसलेला असतो. मांडीवर पुस्तक, पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर आणि खूण म्हणून पानांत खताच्या दुकानाची पावती. फाटा त्याला ‘मीचराव’ म्हणतो. असे मीचराव गावोगाव आहेत, फक्त सगळ्यांनाच बाकडं मिळत नाही.

“पाव्हणं, कुणीकडं?” इथून सुरुवात होते. तुम्ही जिंतूर म्हणा नाहीतर जालना, पुढचा प्रश्न ठरलेला. “मृत्युंजय वाचलं का? त्यातला कर्ण म्हणजे मीच बघा!”

आणि मग पुरावे येतात. शिवाजी सावंतांची ही कादंबरी 1967 ची, म्हणजे मीचरावांच्या घरची वाटणी व्हायच्या कितीतरी आधीची. पण त्यांच्या मते ती त्या वाटणीवरच बेतलेली आहे. धाकट्याला रस्त्यालगतची काळी जमीन गेली, यांच्या वाट्याला माळावरची बरड आली. कवचकुंडलं म्हणजे विहीर, तीही धाकट्याकडं. शकुनी कोण, हे त्यांना शोधावंच लागलं नाही. वाटणीत मध्यस्थीला मामाच होते.

‘कोसला’ त्यांनी औरंगाबादला कॉलेजात असताना वाचली. पुण्याला शिकायला जाऊन हात हलवत गावी परतलेला पांडुरंग सांगवीकर त्यांना इतका पटला की त्यांनीही बी.ए.चं शेवटचं वर्ष सोडून थेट फाटा गाठला. नेमाड्यांचा पांडुरंग पंचविशीचा आहे. मीचरावांनी साठी ओलांडली, तरी त्यांच्यातला पांडुरंग अजून पंचविशीतच आहे आणि उदाहरणार्थ कापूस वेचायला जात नाही. मध्यंतरी काही महिने त्यांनी एका शाळेत तात्पुरती मास्तरकी केली. तेवढ्यावर ‘बनगरवाडी’चा मास्तरही त्यांच्या नावावर चढला.

सिनेमाचंही तेच. ‘शोले’तला ठाकूर म्हणजे मीच, “आपले बी हात आपल्याच लोकांनी तोडले की हो,” असं ते दोन्ही हातांनी भजी खात सांगतात. ‘नटसम्राट’ पाहून आले तेव्हा आठवडाभर सुनेच्या हातचा चहा घेईनात. सून बिचारी त्यांना दुधाचा करून देत होती, स्वतः कोरा पीत होती. 2016 साली ‘सैराट’ आला आणि पन्नाशी उलटलेले मीचराव परशा झाले. “मग आर्ची कोण?” एवढंच बायकोनं विचारलं. पुढं तो विषय निघाला नाही. ‘अशी ही बनवाबनवी’वर मात्र त्यांची डाळ शिजली नाही, कारण धनंजय माने फाट्यावरचा प्रत्येक जण आहे. चहा उधारीवर पिणारे तर हक्कानंच.

हा आजार थोडाफार आपल्या सगळ्यांनाच असतो. पुस्तक हातात घेतलं की आपण आधी आरसा शोधतो, मग गोष्ट. फक्त आरशात कायम नायकच कसा दिसतो, हे मला पडलेलं कोडं आहे. मीचरावांनी आयुष्यात इतकं वाचलं, पण ‘तो दुर्योधन म्हणजे मीच’ असं म्हणाल्याचं कुणाला आठवत नाही. खलनायक नेहमी बांधाच्या पलीकडं. एकदा कॉलेजच्या एका पोरानं त्यांना ‘सखाराम गटणे’ म्हटलं. माझ्या मते आजवरचं सगळ्यात अचूक माप तेच होतं. पण मीचराव भडकले. “पुलंनी ते दुसऱ्या कुणावर लिहिलंय,” म्हणाले.

गंमत पुढं आहे. परभणी जिल्ह्यातल्याच आसाराम लोमटे यांच्या ‘आलोक’ या कथासंग्रहाला 2016 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आपल्या मुलखातली माणसं, गावचं राजकारण, शेती, सगळं त्यात. कुणीतरी हौसेनं पुस्तक आणून दिलं. मीचरावांनी चाळलं, मिटलं आणि म्हणाले, “हे काय वाचायचं? हे तर रोजच बघायलो.” हस्तिनापूरचा कर्ण हाकेच्या अंतरावर, आणि आपल्या शिवारातला माणूस अनोळखी!

रा. रं. बोराड्यांची ‘पाचोळा’ त्यांनी वाचली ती पातळ दिसली म्हणून. 1971 ची, मराठवाड्याच्या बोलीतली कादंबरी. गंगाराम शिंप्याच्या ताठ्यापायी घराची कशी वाताहत होते, ते त्याची बायको पारबती सांगते. मीचरावांना त्यात लगेच शेजारी सापडला. “गंगाराम म्हंजे हुबेहूब त्यो! कुणाचं ऐकणार नाही, बायकोला विचारणार नाही, नुसता हट्ट!” हे ते रात्री घरी मोठ्यानं सांगत होते. बायको तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, “बायको सांगती म्हणता ना गोष्ट? बघू द्या बरं.”

चुलीपाशी, ताटलीच्या आडोशानं, चष्मा नाकावर सरकवत तिनं ती वाचून काढली. पुस्तक परत देताना तिनं टीका केली नाही, कौतुकही केलं नाही. “ही पारबती म्हंजे मीच,” एवढंच म्हणाली.

घरात दुसरा ‘मीच’ निघण्याची मीचरावांना सवय नव्हती. दुसऱ्या दिवशी बाकड्यावर त्यांनी आढेवेढे घेत हॉटेलवाल्याला विचारलं, “ती पारबती आसंल, तर मग गंगाराम कोण म्हणायचा?” हॉटेलवाला वाचणारा नाही. तरी त्याला उत्तर आलं. “काका, चहाचे मागचे पैसे राहिलेत,” म्हणाला.

तेव्हा फाट्यावर गाडी बदलायची वेळ आलीच, तर मीचरावांशी कर्णावर खुशाल बोला, चहा ते पाजतील, लिहून ठेवायला सांगतील. आणि तुमच्या घरात ‘पाचोळा’ असेल तर आजच काढा, बायकोच्या आधी तुम्ही वाचा.